जमिनीवर राहील ते पेटीचं

मित्रांनो, मी एक जुनी पेटी. जुनी आहे हे वेगळं सांगायला नको, झाकण उघडलंत की तेच करकरून सांगेल. आकार म्हणाल, तर एखादं लहान मूल गुडघे पोटाशी घेऊन आत मावेल एवढा. हे माप मी उगाच दिलेलं नाही. पुढे कळेलच.

मला ज्या सुतारानं घडवलं, तो लांब पेट्या करायचा. कसल्या लांब पेट्या, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. किंवा राहू द्या, नकाच विचारू. अशाच एका लांब पेटीच्या फळ्या उरल्या. गिऱ्हाईक सांगितल्यापेक्षा बुटकं निघालं, असं म्हणून सुतार स्वतःशीच हसला. चांगल्या फळ्या टाकवेनात म्हणून त्यानं त्यांची एक आखूड पेटी ठोकली आणि शेजारच्या छापखान्याला देऊन टाकली. ती मी.

छापखान्यात तेव्हा शिशाचे खिळे असत. खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे नव्हेत हं. एकेका खिळ्याच्या डोक्यावर एकेक उलटं अक्षर असे. ते ओळीनं जुळवायचे, शाई लावायची, वरून कागद दाबायचा, की कागदावर अक्षर सरळ उठतं. 'उठतं' हा त्यांचा शब्द. छपाई नीट आली की म्हणायचे, वा, छान उठलंय. एखादा खिळा झिजला, त्याचा टवका उडाला, तो उठेनासा झाला, की त्याला माझ्यात टाकत. माझ्यात आलेलं परत जात नसे. मी भरले की सगळा माल भट्टीवर जाई आणि वितळून त्याचं पाणी होई. मी काम चोख करत होते, पण कौतुक कोणी केलं नाही. कचऱ्याच्या डब्याचं कोणी करतं का?

माझ्याशी बोलणारा एकच माणूस तिथे होता. खिळे जुळवणारा जुळारी. त्यांना सगळे अप्पा म्हणत. संध्याकाळी काम संपलं की अप्पा एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत ठेवत, जिथला तिथे. मग घरी जाण्याआधी माझ्यात हात घालत. एखादा धडधाकट खिळा कोणाच्या तरी वेंधळेपणानं माझ्यात पडलेला असायचाच. अप्पा तो बोटांनी चाचपून काढत, त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवत, उजेडाकडे धरत आणि मला म्हणत, "हा अजून उठतोय. हा तुझा नाही."

मी मुकाट्यानं सोडून द्यायचे. अप्पांनी असं म्हणावं आणि मी द्यायला कुरकुर करावी, असं कधी झालं नाही. हा माझा पहिला नियम. तेवढा लक्षात ठेवा.

एक 'उ' मात्र माझ्या तळाच्या फटीत जाऊन बसला होता. अगदी नवाकोरा, एकदाही शाई न लागलेला. तो अप्पांच्या हातालाही लागला नाही आणि भट्टीवरही गेला नाही.

पुढे छापखान्यात पत्र्याचा डबा आला आणि मला चुलीत घालायचं ठरलं. अप्पांनी मला खांद्यावर टाकून घरी आणलं. घरी त्यांची तीन मुलं होती आणि पसारा तिसांचा होता. दारातून आत यायचं तर आधी पाय कुठे ठेवायचा ते शोधावं लागे. अप्पांची बायको म्हणाली, आवरा आवरा करून माझा घसा बसला, आता ही धोंड आणखी कशाला आणलीत? नाताळ जवळ आला होता. खिडकीत कागदाची चांदणी नुकतीच टांगली होती, आत दिव्यासकट. अप्पांनी मला बरोबर तिच्याखाली ठेवलं, तिन्ही मुलांना समोर बसवलं आणि नियम सांगितला. दिवेलागणीला चांदणी लागली की जमिनीवर राहील ते पेटीचं. पेटी ते नाताळबाबाला देणार आणि नाताळबाबा ते नीट सांभाळणाऱ्या मुलांना देणार. नाताळच्या सकाळी याच पेटीत नव्या भेटी येणार.

काय धावपळ उडायची म्हणून सांगू! अप्पा चांदणीच्या बटणाकडे मुद्दाम सावकाश जात, वाटेत चष्मा पुसत, उगाच खोकत. तेवढ्यात पोरं गोट्या, चेंडू, बाहुल्यांचे हात, एकपायी सैनिक सगळं उचलून फळीवर नेत. मग चांदणी लागे आणि सगळे एका सुरात ओरडत, "जमिनीवर राहील ते पेटीचं!" कोचाखाली विसरलेलं काहीतरी निघायचंच. ते अप्पा माझ्यात टाकत. दुसऱ्या दिवशी ते गुपचूप छापखान्यात नेऊन धुऊनपुसून ठेवत आणि नव्या वर्षी परत देत. नाताळबाबानं परत धाडलंय म्हणून सांगत. म्हणजे बघा, प्रथा प्रेमाचीच होती. घर आरशासारखं लख्ख राहू लागलं. शेजारीपाजारी विचारायला येत, तुमची पोरं एवढी शहाणी कशी झाली? अप्पांची बायको माझ्याकडे बोट दाखवी. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं.

पण मित्रांनो, एखादी गोष्ट रोज कानावर पडली की ती खरी वाटायला लागते. तुम्हाला वाटते, तशी मलाही वाटली. त्यात माझ्या फळ्या लांब पेटीच्या, माझी सवय भट्टीची. दर दिवेलागणीला माझ्या तळाशी काहीतरी जागं व्हायचं, भूक लागल्यासारखं.

एका संध्याकाळी धाकट्याचा निळा भोवरा राहून गेला. अप्पांनी तो माझ्यात टाकला. सकाळी काढायला हात घातला, तर भोवरा नव्हता. त्यांनी बायकोला विचारलं, मुलांना आडून आडून विचारलं. कोणी घेतला नव्हता. मग ते गुडघे टेकून बसले आणि माझा तळ चाचपू लागले, छापखान्यात चाचपायचे तसाच. हात बाहेर आला तेव्हा बोटांना शाई होती. ओली शाई. छापखाना सोडल्यापासून मी शाईचा थेंब पाहिला नव्हता. अप्पांनी बोटं उजेडाकडे धरली.

"हिला सवय लागली," ते हलक्या आवाजात म्हणाले.

भोवरा कुठे गेला, तुम्ही विचाराल. मला माहीत नाही, खरंच नाही. तुमच्या पोटात गेलेलं पुढे कुठे जातं, ते तुम्ही तरी कुठे बघता? अप्पांनी मुलांना सांगितलं की आता तुम्ही मोठे झालात, आता पेटी नको. त्यांनी मला माळ्यावर चढवलं आणि वर जुन्या रजयांचा ढीग रचला. पहिल्यांदा राग आला. मग झोप आली. किती नाताळ गेले ते मी मोजले नाहीत. मुलं मोठी होऊन पांगली. खालून अप्पांच्या बायकोचा आवाज येईनासा झाला. एकदा लांब पेटीचं लाकूड दारातून आत आल्याचं आणि परत गेल्याचं मला वर कळलं. लाकडाला लाकूड ओळखतं.

मला खाली काढलं ते धाकट्यानं. तो आता बाप झाला होता. त्याची एक लेक होती आणि तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती दिवसभर काही ना काही ओढून आणायची आणि वाटेत टाकायची. दगड, झाकणं, पिसं, काड्यापेट्या. तिची आई पार जेरीस आली होती. धाकट्याला लहानपणची गंमत आठवली. त्यानं मला पुसलं, चांदणीखाली ठेवलं आणि मुंगीला नियम सांगितला. समोरून एक खरखरीत आवाज आला, "ती पेटी नको."

ते अप्पा होते. मी त्यांना ओळखलंच नाही. खिळे उचलणारे ते हात वाळून काटक्या झाले होते. ते पलंगावरून दोनतीनदा घसरून पडले होते, म्हणून त्यांची गादी जमिनीवरच घातली होती. पडायची भीतीच नको, म्हणून. सून हसून म्हणाली, अहो अप्पा, तुम्हीच तर ही पद्धत पाडलीत. अप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं. म्हाताऱ्या माणसानं काय सांगायचं, आणि ऐकणार कोण?

आता नीट ऐका. अप्पांचे गुडघे गेले होते. कूस बदलताना, पाणी प्यायला उठताना कळ यायची आणि तोंडातून शब्द निघायचे, "उचल रे बाबा आता. उचल मला." म्हातारी माणसं असं म्हणतात. देवाला म्हणतात, कंटाळून म्हणतात, आणि म्हणून झालं की पाणी पिऊन झोपतात. घरातल्या मोठ्यांच्या ते कानावरूनही जात नसे. पण मुंगी माझ्याशेजारी काड्या मोजत बसलेली असायची. 'बाबा' म्हटलं की तिला त्या दिवसांत एकच बाबा माहीत होता. तो नाताळबाबा. आणि तो काय उचलतो, हेही माहीत होतं. दिवेलागणीला जमिनीवर राहील ते.

तिनं अप्पांच्या गादीकडे पाहिलं. गादी जमिनीवर होती.

मुंगी आईकडे गेली आणि विचारलं, पेटी माणसांना पण उचलते का? आई कामात होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "हो तर. आवरलं नाहीस, तर तुलाही उचलेल."

झालं. एवढंच वाक्य, तेही चेष्टेतलं. पण मी खिडकीखाली ऐकत होते. माणसंही चालतात, असं माझ्या तळानं ऐकलं.

त्या दिवसापासून मुंगी इतकी आवरू लागली की आईवडील एकमेकांकडे बघत राहिले. तिनं अप्पांच्या चपला उचलल्या, काठी भिंतीला टेकवली, त्यांची चादर जमिनीला लोळू नये म्हणून चारी बाजूंनी गादीखाली खोचली. दिवेलागण जवळ आली की ती त्यांचा हात ओढी. अप्पा, वर बसा ना, खुर्चीत बसा ना. अप्पा म्हणत, नको गं बाई, गुडघे ऐकत नाहीत. मग ती गादीखाली पाट, पुस्तकं, खोकी सारायला लागली, गादी जमिनीपासून सुटावी म्हणून. आईनं ते सगळं काढलं. अप्पांना टोचेल ना, वेडी. मुंगी का रडते ते कोणाला कळेना. तिनं सांगितलंही नाही. सांगून ते खरं झालं असतं तर?

दरम्यान अप्पांचा श्वास लहान होत चालला होता. डॉक्टर येऊन गेले, थंडीचं आहे म्हणाले. मला विचाराल तर थंडी निमित्ताला होती. रोज चांदणी लागली की माझ्या तळातून एक ओढ सुटायची, थेट त्या गादीकडे. अप्पांनीच मला चुलीपासून वाचवलं होतं, मला ते आवडायचे. पण नियमाला आवडनिवड नसते.

मुंगीनं मग दुसरा उपाय काढला. पेटी भरलेली असली तर अप्पांना जागा कुठली? तिनं आपली पिसं, दगड, झाकणं, शेवटी जिच्याशिवाय झोप येत नसे ती कापडी हत्तीण, सगळं माझ्यात भरलं. झाकण लागेना इतकं भरलं. दुसऱ्या दिवशी तिनं झाकण उघडलं तर मी रिकामी. तिनं आत हात घातला आणि शाईनं माखलेली बोटं फ्रॉकला पुसली. आई रागावली, हा डाग कसला?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईवडील बाजारात गेले. लगेच येतो, अप्पांकडे लक्ष ठेव, आणि वेळ झाली की चांदणी लाव, असं सांगून गेले. मुंगीनं दार लावलं. तिनं चांदणी लावायची नाही असं ठरवलं होतं. चांदणी लागली नाही तर दिवेलागण कशी होईल? हुशार पोर. पण बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले आणि त्यांचा पिवळट पट्टा खिडकीतून आत आला, जमिनीवरून सरकत गादीपर्यंत पोचला. दिवा कोणी लावला याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. माझं झाकण आपोआप उघडलं.

अप्पांचा श्वास अडखळला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा अडखळला. गादीचा एक कोपरा माझ्या दिशेनं इंचभर सरकला, कोणी हात न लावता.

मुंगीनं ते पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं, टाकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग ती स्वतः माझ्यात चढली, गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि दोन्ही हात तळाला टेकले.

अप्पांनी डोळे उघडले. "मुंगे, बाहेर ये."

"नाही. आता पेटी भरली. आता तुम्हाला जागा नाही."

"मी कुठे चाललोय?"

"तुम्हीच म्हणता ना रोज, उचल रे बाबा, उचल रे बाबा. त्यानं ऐकलंय. पेटीनं पण ऐकलंय."

किती वर्षं सहज बोललो, ते या पोरीनं मनात साठवलं, हे अप्पांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात मुंगीचा आवाज बदलला.

"अप्पा, खाली पाय लागत नाहीयेत."

खरं होतं ते. माझा तळ मऊ झाला होता, शाईसारखा. ती हळूहळू खाली जात होती आणि माझं झाकण मिटायला लागलं होतं. मी थांबू शकत नव्हते, मित्रांनो. मला हात असते तर मीच तिला बाहेर काढलं असतं. पण पेट्यांना हात नसतात.

"अप्पा, उचला मला."

ज्या माणसाला भांडंभर पाण्यासाठी उठवत नव्हतं, तो माणूस उठला. आधी कोपरावर, मग गुडघ्यावर, भिंत धरून, काठीशिवाय. गुडघ्यांचा आवाज माझ्या झाकणापेक्षा मोठा आला. अप्पांनी एका हातानं झाकण अडवलं, दुसरा हात आत घातला आणि मुंगीचं मनगट पकडलं. ओढलं. मी सोडेना. आत जे होतं ते सोडेना. मग त्यांनी तिचा तळहात उघडून रस्त्याच्या दिव्याकडे धरला, आणि थबकले.

तळहातावर एक अक्षर होतं. काळं, ओलं, रेखीव. फटीतला तो नवाकोरा 'उ' तिच्या हाताखाली दाबला गेला होता आणि सरळ उठला होता. अप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग ते बोलले. त्या काटकुळ्या म्हाताऱ्याच्या नव्हे, छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या आवाजात बोलले, आणि माझ्याशी बोलले.

"ही अजून उठतेय. ही तुझी नाही."

माझा पहिला नियम तुमच्या लक्षात आहे ना? तो घरातल्या नियमाहून जुना होता. मी सोडलं.

अप्पांनी तिला उचलून छातीशी धरलं. उभ्यानंच ते माझ्या काळोखात बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "आणि हाही उठलाय, बघ. दिसतंय ना?"

दिसत होतं. दोन पायांवर उभा असलेला माणूस जमिनीवर राहिलेला नसतो. मी झाकण मिटलं.

आईवडील आले तेव्हा चांदणी लागलेली होती आणि आजोबा नात एकाच खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. खोलीच्या मध्ये मोकळी फरशी होती. सुनेनं विचारलं, "अप्पा, तुमची गादी कुठे गेली?"

"उचलली," अप्पा म्हणाले.

एवढी मोठी गादी पोरीनं आवरली तरी कुठे, म्हणून त्यांनी घरभर शोधली. सापडली नाही. दुसऱ्याच दिवशी धाकट्यानं कुठूनतरी एक पलंग आणला, बाजूंना कठडे असलेला. नाताळच्या सकाळी माझ्यात कोणी भेटी ठेवल्या नाहीत. अप्पांनी ठेवू दिल्या नाहीत.

त्यानंतर 'उचल रे बाबा' हे त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही. कळ आली की अप्पा म्हणायचे, "मुंगे, उठव गं जरा." ती कुठेही असली तरी धावत यायची आणि हात द्यायची. असे बरेच नाताळ गेले. मग एका दुपारी, कठड्याच्या पलंगावर, तिचा हात हातात असताना अप्पा गेले. मी समोरच होते, झाकण मिटून. ज्यानं उचलायचं त्यानं त्यांना उचललं. मी नाही.

आता मुंगी स्वतः एका घराची आई आहे. तिनं मला फेकलं नाही, जाळलंही नाही. तिच्या खिडकीखाली मी पालथी घातलेली असते. नाताळात तिचं लेकरू माझ्यावर चढून चांदणी टांगतं. पसारा तिथेही होतो. मग ती त्याच्याबरोबर खाली बसून आवरते, आणि आवरून झालं की उठता उठता म्हणते, चल, हात दे. घाबरवत मात्र नाही. पालथं पडून राहायला मला सुरुवातीला फार अपमान वाटला. पण खिळ्यांचं काय, उलटं असतं तेच सरळ उठतं. त्या 'उ'चं तरी तसंच झालं. तो अजून माझ्या फटीत आहे.

तर मित्रांनो, आपला पसारा आपण आवरावा, हे तर झालंच. पण घरात कोणी म्हातारं माणूस खाली बसलेलं दिसलं, तर आधी त्याला हात द्या, खेळण्यांचं मग बघा. मला फक्त उचलता येतं. उठवायला हात लागतात, आणि ते तुमच्याकडे आहेत.

चला, दिवेलागण होत आली. मी पालथी आहे, म्हणजे माझं तोंड आता जमिनीलाच लागलेलं आहे. तुम्ही हे खाली बसून वाचत असाल, तर जरा वर बसा.